शाळेला दिलेला पट्टा

मी शाळेला चक्कीचा पट्टा दान केला. पुढे आयुष्यात गाढवपणा मी काही कमी केला नाही. लग्नात उखाणा घेताना घाबरून नवऱ्याच्या जागी दिराचं नाव घेतलं, तेव्हापासून मोजायला बसलं तर पुस्तक वेगळं काढावं लागेल. पण त्या पट्ट्याची सर कशालाच आली नाही. त्याची खूण माझ्या डाव्या भुवईत अजून आहे. मधोमध एक बोटभर जागा अशी आहे की तिथे केस उगवत नाहीत. नातीला माझी फार काळजी. कुठे लग्नाकार्याला निघाले की ती पेन्सिल घेऊन येते आणि म्हणते, "आजी, भुवई पूर्ण करून देऊ का?" मी तिला म्हणते, राहू दे बाई, ती माझी शाळेची टीसी आहे, तिच्यावर खाडाखोड चालत नाही.

आमचं गाव समुद्रपूरकडचं. घर म्हणजे पुढे चक्की आणि मागे आम्ही. बाबा पीठ दळून द्यायचे. भिंतीपलीकडे इंजिन, त्याच्या चाकावरून रुंद पट्टा भिंतीतल्या भोकातून आत यायचा आणि जातं फिरवायचा. इंजिन सुरू झालं की सगळ्या गावाला टुक-टुक-टुक ऐकू जायचं, आणि ते बंद पडलं की गाव एकदम थांबून वर बघायचं. त्या आवाजात जन्मलेली मी, मला हळू बोलणं हा प्रकार माहीतच नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हेही आमच्याकडे ओरडून सांगावं लागे. माय माझ्या डोक्याला भरपूर तेल चोपडून दोन वेण्या घालायची, आणि दुपारपर्यंत त्या तेलावर पीठ बसून माझं डोकं थापलेल्या भाकरीसारखं दिसायचं. चुलीवर अंबाडीची भाजी कण्या घालून रटरटत असायची. भाकर मात्र आमच्या घरी झाडणीच्या पिठाची. दिवसभर जात्याभोवती जे सांडायचं ते संध्याकाळी माय कुंच्यानं गोळा करायची. त्यात कुणाची ज्वारी, कुणाचे गहू, कुणाची चण्याची डाळ. रोजच्या भाकरीची चव वेगळी, आणि पहिला घास घेऊन आज गावात कोणाकडे पाहुणे आले हे बाबा बरोबर ओळखायचे. आता पिपरी मेघेला मुलाच्या घरी पिठाची पिशवी येते, तिच्यावर सोनेरी कणसाचं चित्र असतं, आणि भाकरीला कशाचीच चव नसते.

शाळा पहिली ते चौथी. माझ्या पहिली-दुसरीत तीन गुरुजी होते, त्यातले भोयर गुरुजी माझे. किडकिडीत माणूस, गळ्यात मफलर, उन्हाळ्यातही. त्यांच्याजवळ चिंचोक्यांची एक पिशवी असायची. ज्याला गणित येत नसे त्याच्याजवळ ते जमिनीवर मांडी घालून बसायचे, चिंचोके पसरायचे आणि विचारायचे, "घे बाप्पा, यातले तू किती खाल्ले?" चिंचोका कोण खाणार, पण पोरगं हसायचं आणि हसता हसता वजाबाकी करून टाकायचं. शिक्षा त्यांच्याकडे एकच होती, आणि तीही खेळासारखी. एकाला उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारायचं, आणि ज्याचं बरोबर येईल त्यानं चुकलेल्याचं नाक डाव्या हातानं धरून उजव्या हातानं गालावर एक चापट द्यायची. आमच्या भागात ही रीत सगळीकडेच होती. वर्गात पंधरा-वीस पोरं, सगळी एकमेकांच्या घरी ताक प्यायलेली. नाक धरलं की दोघंही फिदीफिदी हसायची आणि चापट गालाऐवजी हवेतच विरून जायची.

मग वरून कपात आली. वर म्हणजे कुठे, हे आम्हाला कधीच कळलं नाही. गुरुजी बोट वर करायचे आणि आम्ही छपराच्या कवेलूंकडे बघायचो. एका गुरुजींची बदली झाली, त्यांची जागा भरली नाही. दुसऱ्यांचं पदच गेलं. पावसात एका खोलीचं छत खाली आलं, ते उचलायला पैसे मिळाले नाहीत. आणि टेकडीवरच्या टोलीतली, म्हणजे वेगळ्या वस्तीतली शाळा, एका खोलीची आणि एका बाईंची, "एवढ्याशा पोरांसाठी मास्तरीण परवडत नाही" म्हणून बंद करून तिथली सगळी पोरं नाला ओलांडून आमच्याकडे पाठवली. म्हणजे खोल्या कमी झाल्या, गुरुजी कमी झाले आणि पोरं वाढली. चारही वर्ग एका लांबट खोलीत आणि ओसरीत कोंबले. भोयर गुरुजी एकटे. पहिलीकडे वळले की चौथी उठायची, चौथीकडे वळले की दुसरी मुतायला पळायची. पंधरा दिवसांत त्यांचा आवाज बसला, तो पुन्हा उठला नाही. चिंचोक्यांची पिशवी खुंटीला लागली. एवढ्या गर्दीत कोणाजवळ मांडी घालून बसणार? बसायला जागाच नव्हती.

नाक धरण्याचा खेळ मात्र सुरू राहिला, आणि त्या गर्दीत तो बिघडला. गुरुजी सगळ्यांना तपासू शकत नव्हते, मग ते एक उदाहरण घालायचे, बरोबर आलेल्यांना उभं करायचे आणि म्हणायचे, "लागा कामाले." बरोबरवाले चार-सहा, चुकलेले खोलीभर. तास तास नुसतं हाणणं चालायचं. गुरुजी पाठमोरे तिसरीला लिहून देत असायचे आणि मागे गालफडांचा आवाज, जसं पावसात कुणी धुणं आपटतंय. घरच्या भांडणांचे हिशेब शाळेत फिटू लागले. यांच्या बैलानं त्यांचं पीक खाल्लं, म्हणून यांच्या पोराच्या कानाखाली. टोलीची पोरं दाराजवळ उन्हात बसायची, त्यांना फळा दिसायचाच नाही. त्यामुळे ती रोज चुकायची आणि रोज खायची. नाकातून रक्त येणं ही बातमी राहिली नव्हती. आणि मी? मी चौथीत, पहिल्या ओळीत, फळ्याला नाक लावून. माझं रोज बरोबर. मग मी काय केलं असेल? लाच खाऊ लागले. मूठभर फुटाणे दिले तर चापट हळू, काहीच नाही दिलं तर खणखणीत. वेण्यांवर पीठ बसलेली दहा वर्षांची ती पोरगी स्वतःला कलेक्टरपेक्षा कमी समजत नव्हती. आज ती समोर आली तर तिचंच नाक धरीन.

गणपती आटोपल्यावर गुरुजींनी सांगितलं, शाळेला खडूलाही पैसे येत नाहीत, ज्यानं त्यानं घरून काहीतरी आणावं. कुणी माठ आणला, कुणी तरट, कुणी केरसुणी. बाबा म्हणाले, "सरकारनं शाळा काढली, सरकारनंच चालवावं. मी का सरकारले म्हंतो, माया चक्कीत येऊन दळून दे?" बाबांचं म्हणणं बरोबर होतं की नाही यावर मी आजही दोन्ही बाजूंनी बोलू शकते. पण तेव्हा माझी इज्जत जात होती. मॉनिटर मी, आणि रिकाम्या हातानं जाऊ? चक्कीच्या कोपऱ्यात जुना तुटलेला पट्टा पडला होता. रबरात कापड भरलेला, चार बोटं रुंद, आणि एका टोकाला जिथे सांधा होता तिथे लोखंडी दातेरी क्लिपा तशाच. पोरांना गप्प करायला गुरुजी टेबलावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आपटायचे आणि त्या रोज मोडायच्या, हे मी बघत होते. माझ्या पिठाळ डोक्यात कल्पना चमकली. क्लिपांकडचा हातभर तुकडा विळ्यानं कापला, फ्रॉकखाली लपवला आणि गुरुजींच्या टेबलावर नेऊन ठेवला, नारळ ठेवावा तसा.

गुरुजींनी त्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी तो उचलून टेबलावर हाणला. खोलीत इतकं शांत झालं की गावाच्या पार दुसऱ्या टोकाची आमची चक्की ऐकू आली. टुक-टुक-टुक. जूनपासून पहिल्यांदाच सगळी पोरं एकदम गप्प झाली होती. गुरुजी बसक्या आवाजात म्हणाले, "पोरी, काम झालं वं मायं." माझी छाती दानशूर शेठजीसारखी फुगली. पाटी लावली असती तर मी नाव खोदून घेतलं असतं.

त्या दिवसापासून हाताच्या जागी पट्टा आला. नाक धरायचं आणि पट्टा दंडावर किंवा पाठीवर हाणायचा. आणि गुरुजी तिसरीत गुंतले की पट्टा माझ्या हातात. मी तो हाणला. हे "आमच्याकडून हाणलं गेलं" असं लिहायची पद्धत असते, पण हात माझाच होता. क्लिपांची बाजू मी हातात धरायचे, एवढी अक्कल होती. बाकी अक्कल नव्हती. पट्टा पाठीवर पडला की आधी आवाज यायचा, मग पोरगं श्वास घ्यायचं आणि मग ओरडायचं. हे तिन्ही एकामागून एक कसं येतं ते मी गंमत म्हणून बघायचे. घरी जाऊन दोन भाकरी जास्त खायचे. माय म्हणायची, "शाळेत लय मेहनत घेते वं पोरगी."

टोलीच्या पोरांमध्ये एक शेवंता होती. चौथीतच, पण माझ्याहून डोकंभर उंच, हात लांबलचक, बोलणं जवळजवळ नाहीच. तिची माय, पारबताबाई, दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची. तिनं पोरीला साफ सांगितलं होतं की चौथी पास झाली तर पुढे समुद्रपूरला मावशीकडे ठेवून शिकवीन, नापास झाली तर कापूस वेचायला बरोबर चल. शेवंताला मावशीकडे जायचं होतं. मावशीच्या घरी लाईट होती आणि शाळा पक्क्या बाकांची होती. हे सगळं तिनं मला एका दमात सांगितलं, एकदाच, पट्टा खायच्या रांगेत उभी असताना. आणि मग नाक पुढे केलं. तिला हातचा घेऊन वजाबाकी येत नव्हती. टोलीतल्या बाईंनी सुरुवात केली होती, तेवढ्यात बाईच गेल्या. आमच्याकडे ती दारात बसून समोरच्यांच्या डोक्यांमधून जेवढा फळा दिसेल तेवढा उतरवायची. कधी वरची रक्कम दिसे, कधी खालची. अर्ध्या उदाहरणाचं उत्तर कोण काढणार? आणि रोज पट्टा.

मी तिला शिकवलं ते दयेनं नव्हे. रविवारी ती पायलीभर ज्वारी घेऊन दळायला आली, डब्यांची रांग लांब होती, आणि मला गुरुजी-गुरुजी खेळायला गिऱ्हाईक हवं होतं. जात्याच्या बाजूला फरशीवर पिठाचा थर असतोच. त्यात बोटानं मी रकमा लिहिल्या. पण चक्कीत ओरडूनही ऐकू येत नाही, म्हणून मला तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं, ज्वारीच्या दाण्यांच्या दहा-दहाच्या ढिगल्या करून दाखवाव्या लागल्या. एक ढिगली फोड, इकडे आण, आता दे. तिनं पहिल्या रविवारी नुसतं बघितलं. दुसऱ्या रविवारी माझा हात बाजूला सारून स्वतः ढिगली फोडली. तिसऱ्या रविवारी आम्ही शून्यावर आलो. एककाला कमी पडलं, दशकाकडे मागायला गेलो तर तिथे शून्य. शून्य म्हणतं मजजवळ काही नाही, शतकाला विचारतो. शतकही शून्य, ते पुढे हजाराकडे जातं. आता आठवलं की हसू येतं. दुसरा मास्तर मागायला गुरुजीही तेच करत होते. समुद्रपूरला अर्ज, समुद्रपूरचा वर्ध्याला, वर्ध्याचा आणखी कुठे, आणि वाटेत नुसती शून्यं. शेवंताला मात्र ते शून्याचं इतकं पटलं की ती पहिल्यांदा खळखळून हसली. पीठ दळून झालं, डबा डोक्यावर घेऊन निघताना ओरडून म्हणाली, "अवं, आमच्या बाई बी अशाच जोळ बसून सांगे!"

दिवाळीनंतरची गोष्ट. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: चार हजार तीनमधून एक हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर गेले. आणि मला बोलावलं, कारण माझं बरोबर यायचं आणि मग हाणणं लवकर सुरू करता यायचं. मी वेण्या मागे टाकत गेले. शून्याकडे मागितलं, शून्यानं पुढून दहा आणले, पण त्यातला एक मागे दिल्यावर नऊच उरतात हे मी, चक्कीतली महापंडित, साफ विसरले. ऐटीत उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. गुरुजी म्हणाले, "चूक."

कोणाचाच विश्वास बसला नाही, माझा सगळ्यात कमी. "कोणाले येते?" गुरुजींनी विचारलं. पहिल्या ओळीतून कोणी उठलं नाही. मग अगदी दारातून एक लांबलचक हात वर आला. पोरं हसली. शेवंता डोक्यांवरून पाय टाकत, कोणाची पाटी तुडवत, कोणाच्या शिव्या खात फळ्यापर्यंत आली. खडू हातात घेतला. तिला फळा इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसत होता. आधी तिनं त्याला हात लावून बघितला. मग ओठांतल्या ओठांत ढिगल्या फोडत उत्तर लिहिलं. दोन हजार तीनशे पंचवीस. गुरुजींनी दोनदा तपासलं. त्यांचे डोळे क्षणभर जुने, चिंचोक्यांच्या दिवसांतले झाले. वाटलं, आता तिला जवळ घेतील. पण मागे दुसरी ओरडत होती, पहिलीत कुणीतरी कुणाला चावलं होतं. ते म्हणाले, "बरोबर. हाण तिले," आणि पाठ फिरवून पहिलीकडे गेले.

माझ्याकडून मार खाल्लेलं प्रत्येक पोरगं मान उंचावून बघत होतं. मी कुजबुजले, "हळू मारजो वं. दोन पेरू देतो. रविवारी तुयं पहिल्या नंबरनं दळून देतो." आमच्या बाजारात यापेक्षा मोठी लाच नव्हती. शेवंतानं डाव्या हातानं माझं नाक धरलं, अगदी रीतीप्रमाणे, आणि उजव्या हातानं पट्टा उचलला. तिला कोणी शिकवलं नव्हतं की क्लिपांची बाजू हातात धरायची असते.

पहिला फटका मी ऐकला. दुखणं नंतर आलं, मी इतरांचं बघितलं होतं तसंच, आधी आवाज, मग श्वास. गरम पाणी डोळ्यात उतरलं असं वाटलं आणि डावीकडचं सगळं लाल झालं. भुवई फाटली होती. तिनं नाक सोडलं नाही. दुसरा खांद्यावर, तिसरा मानेवर, चौथा पाठीवर, मग मी खाली पडले आणि माझ्या नाकाबरोबर तीही खाली वाकली. मागून टोलीची पोरं ओरडू लागली, "हाण! हाण!" पुढून गावची पोरं उठली. पहिली पाटी कोणी फेकली ठाऊक नाही. दगडी पाटीची कड एकाच्या दातांवर बसली आणि मग खोलीभर लाथा, बुक्क्या, केस, चावे. छोटी पोरं भिंतीला चिकटून रडत होती, त्यांच्या अंगावर मोठी पडत होती. आणलेला माठ फुटला, तरटावर पाणी आणि रक्त एक झालं. जूनपासून खाल्लेलं सगळं एका दिवशी बाहेर आलं.

गुरुजी धावत आले. त्यांनी ओरडायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवा निघाली. तेव्हा त्यांनी शेवंताच्या हातातून पट्टा हिसकला आणि जो समोर येईल त्याला हाणत सुटले. डोळे मिटून हाणत होते, हे मी माझ्या उजव्या डोळ्यानं बघितलं. शेवंतानं डोकं वाचवायला हात वर धरला होता. क्लिपा तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर बसल्या, एकदा, परत एकदा. मधल्या बोटाचा कट् असा आवाज आला, लहान, तुरीची काडी मोडावी तसा. एवढ्या गोंधळात तो मला कसा ऐकू आला कोण जाणे. अजून कधी कधी येतो.

आणि मग सगळ्यांनी एक गोष्ट ऐकली. चक्की बंद पडली. कोणीतरी धावत जाऊन सांगितलं होतं. थोड्याच वेळात बाबा दारात उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, हातात इंजिनचा पाना. लहान पोरं भूत समजून किंचाळली. बाबांनी पाना टाकला, गुरुजींची मफलर धरली आणि सगळ्या शाळेसमोर त्यांच्या तोंडात मारली. एक, मग दुसरी. गुरुजींच्या गालावर पिठाची पाच बोटं उमटली. ते हलले नाहीत. तशाच बसक्या आवाजात म्हणाले, "आणखी हाणा, नारायणभाऊ. पण एवढं सांगून हाणा की उद्या मी या पोराईतल्या कोणाले शिकवू? इकडच्याले का तिकडच्याले? तुम्ही सांगान थेच करतो."

बाबांचा हात वर तसाच राहिला. मग त्यांची नजर गुरुजींच्या हाताकडे गेली. स्वतःच्या चक्कीचा पट्टा कोण ओळखणार नाही? "हा कोठून आला?" त्यांनी विचारलं. एवढा वेळ एकमेकांचे केस उपटणारी सगळी पोरं, टोलीची आणि गावची, एका क्षणात एक झाली आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. शाळेची ती एकी मी पुन्हा कधी पाहिली नाही. बाबांनी मला कडेवर उचललं, भुवईवर पंचा दाबला आणि दुसऱ्या, चांगल्या गालावर एक वाजवली. मग तसंच छातीशी धरून घरी आणलं. मायनं जखमेत हळद भरली. वैद्य म्हणाला, अर्धं बोट खाली लागलं असतं तर डोळा गेला होता.

परवा नात विचारत होती, "आजी, तेव्हा पोलीस का नाही आले?" तिच्या शाळेत कोणी हात लावला तर मोबाईलमध्ये शूटिंग होतं. बरंच आहे ते. पण माझ्या भाच्याची मुलगी आमच्या गावच्याच शाळेत जाते, ती शाळा आता सातवीपर्यंत आहे. ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिला विचारलं, तुम्हाला मारतात का गं? ती म्हणाली, नाही, बसवून ठेवतात. सात वर्गांना दोन शिक्षक, त्यातले एक दिवसभर मोबाईलवर वरून मागितलेली माहिती भरत असतात. आणि बाजूच्या गावची शाळा आता त्यांच्यातच मिळवणार आहेत म्हणे. पाचवीतली पोरगी, मी तिला चार हजार तीनची वजाबाकी घातली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं शेवंता पहिल्या रविवारी बघत होती. मग मी स्वयंपाकघरातून ज्वारी आणली.

माझी भुवई फाटली त्याच दिवशी संध्याकाळी पारबताबाई आमच्या दारात आली. भांडायला आली असेल म्हणून माय आधीच पदर खोचून उभी राहिली. ती भांडली नाही. माझ्या भुवईकडे बघितलं, म्हणाली, "लय लागलं का वं, बाई?" आणि मग बाबांना म्हणाली, "मार खायलेच पाठवाचं त वावरात का वाईट आहे, दादा? मुकादम बी हाणते, पण सांजच्याले मजुरी त देते." दुसऱ्या दिवसापासून शेवंता शाळेत नव्हती. परीक्षेचं बाबांनी विचारलं, तर पारबताबाई हसली. बोट बांधलेल्या हातानं लेखणी धरता येणार नाही, एवढंच म्हणाली. पण कापूस दोन्ही हातांनी वेचतात.

मी आठ-दहा दिवस घरात होते. बाबांनी पट्टा परत आणून माझ्या डोळ्यांदेखत इंजिनच्या खड्ड्यात टाकला. मग एक दिवस मी पट्टी बांधलेलं डोकं घेऊन, खिशात दोन पेरू घेऊन, कबूल केले होते ना, टोलीच्या रस्त्याच्या वावरात गेले. शेवंता ओळीत वाकून वेचत होती. मधलं बोट काडीला बांधलेलं, बाकीच्या बोटांनी बोंडं ओढत होती. माझ्याकडे बघून थांबली नाही. मी ओळीच्या कडेनं तिच्याबरोबर चालत राहिले.

"तू एवढ्या जोरानं काऊन मारलं वं मले?" मी विचारलं. खरं तर हे विचारायला मी गेलेच नव्हते.

"तू मारे तेवढ्याच जोरानं मारलं," ती म्हणाली. रागानं नाही, उत्तर सांगतात तसं.

मी पेरू पुढे केले. एक तिनं घेतला, पुसला, ओटीतल्या कापसावर ठेवला. मला वाटलं, झालं, आता काम फत्ते. मग मी माझ्या चक्कीच्या आवाजात सांगून टाकलं की तू ये आता शाळेत, पट्टा नाही आता, बाबांनी नेला, पुन्हा कोणी आणणार नाही, मी शपथ घेतली आहे. तू ये, परीक्षा आहे, तुला तर शून्याचंही येतं, मला येत नाही.

ती पहिल्यांदा कंबर सरळ करून उभी राहिली. नाल्यापलीकडे आमच्या शाळेचं पडकं छत दिसत होतं, तिकडे तिनं बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाली:

"पट्टा नेला थे बेस झालं, सुमे. पण गुरुजी आणले का दुसरे?"